पट्टीत ‘#नेम?’ : सात मशीन एका आकड्यावर आणताना

जळगाव जिल्ह्यात फैजपुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सावद्याच्या बाजूला एका केळी खरेदीच्या ऑफिसात मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळेनात, ते काम माझ्याकडे आलं. दोन तासांचं काम म्हणून हो म्हटलं आणि आठवड्याच्या वर त्यातच गेलो. रोज रात्री वहीत लिहीत होतो, तेच इथे उतरवलंय. कमांडचं नेमकं स्पेलिंग मायक्रोसॉफ्टच्या पानावरून घ्या. मी इथे फक्त काय केलं आणि कुठे फसलो ते लिहितो.

6 मे 2024, सोमवार

सकाळी साडेदहाला शेठचा फोन. “भाऊ, पट्टीत इंग्रजीत कायतरी येऊ रायलं. शेतकरी समोर बसेल आहे, लवकर या.”

जाऊन पाहिलं. पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा मालाचा हिशेब. मुनीमजींनी एक्सेलची फाईल उघडली तेव्हा सगळं ठीक दिसत होतं. शेतकऱ्याचं नाव, पुढे नवती, पिलबाग, वापसी या केळीच्या प्रकारांचं वेगवेगळं वजन, शेवटी बेरीज. मग त्यांनी नुकत्याच आलेल्या गाडीचं वजन टाकून एंटर मारला. बेरजेचा अख्खा तक्ता गायब, डाव्या कोपऱ्यातल्या एका चौकटीत फक्त ‘#नेम?’, म्हणजे ‘हे नाव मला माहीत नाही’ असं एक्सेलचं म्हणणं. कंट्रोल-झेड केलं तरी तेच. सेव्ह न करता बंद करून परत उघडली, की पुन्हा बरोबर. मुनीमजी म्हणाले, “मघाशी पाह्यलं तं बरोबर होतं.” तेही खरंच होतं.

त्या चौकटीवर क्लिक करून वरच्या ओळीत फॉर्म्युला पाहिला. ग्रुपबाय या, नावागणिक बेरजा लावणाऱ्या फंक्शनच्या नावाआधी ‘_एक्सएलएफएन’ आणि टिंब लागलेलं होतं. हे शेपूट पुढून लागलं की समजायचं, या एक्सेलला ते फंक्शनच माहीत नाही. दुसऱ्या मशीनने शेवटचं काढलेलं उत्तर फाईलमध्ये साठवलेलं असतं आणि हे मशीन तेवढंच दाखवत बसतं. नवा आकडा टाकला की गणित पुन्हा करावं लागतं, आणि तिथे ते हात वर करतं.

फाईल शेठच्या भाच्याने केली होती. पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आलाय. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर आणि शेठच्या केबिनमधल्या मशीनवर बीटा चॅनल घेतलं होतं. म्हणजे ऑफिसची अजून तयार होत असलेली, चाचणीची आवृत्ती. ग्रुपबाय मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2023 मध्ये त्या चाचणीवाल्यांना दिलं, ऑफिसातल्या बाकी मशीनवर ते आलेलंच नव्हतं. पोराची चूक म्हणावी तर तीही नाही. “काका, मुनीमजी रोज शेतकऱ्यागणिक बेरजा हाताने लावायचे. एका ओळीत काम झालं ना.” झालं होतं खरं, पण दोनच मशीनवर.

आजची माझी चूक: कोणत्या मशीनवर कोणती आवृत्ती आहे ते पाहायला मी प्रत्येक एक्सेलमध्ये इन्फो फंक्शनला ‘रिलीज’ विचारलं. सातही ठिकाणी 16.0 आलं. मी खूश, म्हटलं सगळं एकच आहे. ऑफिस 2016, 2019, 2021 आणि सबस्क्रिप्शनवालं 365, सगळी स्वतःला 16.0 च म्हणवतात, हे नंतर आठवलं. पाऊण तास गेला.

त्या शेतकऱ्याची पट्टी शेवटी मुनीमजींनी कॅल्क्युलेटरवर केली. माझ्यापेक्षा लवकर.

7 मे, मंगळवार

आज नीट मोजदाद. फाईल, अकाउंट, अबाउट एक्सेल असं जाऊन प्रत्येक मशीनचा आकडा वाचला आणि केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहिला. व्हर्जनचा आकडा चार अंकी असतो: पहिले दोन वर्ष, पुढचे दोन महिना. 2404 म्हणजे 2024 चा एप्रिल. त्याच्या पुढे बिल्डचा, म्हणजे त्या व्हर्जनमधल्या नेमक्या प्रतीचा लांबलचक आकडा आणि चॅनलचं नाव. चॅनल म्हणजे अपडेट कोणत्या वाटेने आणि किती लवकर येतात ते. चॅनल बघायचं विसरू नका. व्हर्जन आज जुळलेलं दिसेल, पण चॅनल वेगळं असेल तर पुढच्या महिन्यात परत फाटणार.

पुठ्ठ्यावर असं निघालं. एक नंबर, शेठची केबिन: बीटा, आकडा सगळ्यांच्या पुढे. दोन नंबर, मुनीमजी: करंट चॅनल, 2404. तीन नंबर, पट्टी करणाऱ्या ताई: चॅनल करंटच, पण 2402 वर अडकलेलं, कारण सी ड्राइव्ह गच्च भरलेली आणि अपडेट उतरायला जागाच नाही. चार नंबर, दुसऱ्या ताई: सेमी-ॲन्युअल, म्हणजे सहामाही चॅनल, 2308. ज्याने कोणी ते बसवलं त्याने एखाद्या मोठ्या कंपनीची सेटिंग तशीच इथे वापरलेली असावी. पाच नंबर, भुईकाट्याच्या (अख्ख्या गाडीचं वजन करणाऱ्या काट्याच्या) खोलीतलं: करंट, 2404, पण 32 बिट, म्हणजे जुन्या घडणीचं, बाकी सगळी 64. सहा आणि सात, गाडीभाडं आणि गोडाऊन: एकदाच पैसे भरून घेतलेलं ऑफिस 2016, ज्यात नवीन फंक्शन कधीच येत नाहीत.

एका ऑफिसात सहा तऱ्हा. आणि फाईल मात्र एकच, सगळ्यांमध्ये फिरणारी.

दुपारी शेठने विचारलं, आता काय? मी म्हटलं, सोपं आहे, सगळ्यांना बीटावर नेतो, मग ग्रुपबाय सगळीकडे चालेल. सबस्क्रिप्शन आहेच, वेगळा पैसा लागत नाही. भाचाही खूश. मायक्रोसॉफ्ट बीटा आवृत्तीला सपोर्ट देत नाही, रोजच्या कामाच्या मशीनवर ती टाकायची नसते, हे दोघांनाही माहीत होतं. तरी केलं. सहा आणि सात नंबरचं काय, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आलाच नाही.

8 मे, बुधवार

हा दिवस सविस्तर लिहितो.

ऑफिस डिप्लॉयमेंट टूल नावाचं मायक्रोसॉफ्टचं फुकट साधन आहे. एका छोट्या एक्सएमएल फाईलमध्ये चॅनल, 32 का 64 बिट, भाषा, एवढं लिहायचं आणि सेटअप चालवायचा. मी एकच फाईल केली: बीटा चॅनल, 64 बिट, इंग्रजी. तीच सगळीकडे लावायचं ठरवलं. एकच फाईल सगळीकडे, यातच पुढचं सगळं आलं.

मुनीमजींच्या मशीनवर तासाभरात झालं. चार नंबरला अर्ध्यावर नेट थांबलं. ऑफिसचा ब्रॉडबँड सकाळपासून बंद होता आणि मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ओढत होतो. एका मशीनच्या ऑफिसला तीन जीबीच्या वर डेटा लागतो. माझा रोजचा कोटा दोन जीबीचा, त्यात शेठचाही फोन लावला, दोन्ही संपले. टॉप-अप मारला.

तीन नंबरवर आधी सी ड्राइव्ह रिकामी केली. निम्मी लग्नाच्या व्हिडिओंनी भरली होती, ते ताईंना विचारूनच दुसऱ्या ड्राइव्हवर टाकले. बीटा बसलं, आकडा शेठच्या मशीनशी तंतोतंत जुळला. एक्सेल उघडून ग्रुपबाय लिहिलं, तर यादीत नाही! तोच आकडा, तेच चॅनल, आणि फंक्शन नाही. यावर तासभर घालवला. बीटामध्ये नवी गोष्ट सगळ्यांना एकदम मिळत नाही, काही जणांना आधी, काहींना नंतर सोडतात. म्हणजे आकडा जुळवूनही मशीन जुळतीलच असं नाही. इथेच थांबायला हवं होतं.

साडेचारला काट्याच्या मशीनकडे वळलो. सेटअपने नकार दिला: इथे 32 बिट ऑफिस आहे, त्यावर 64 बसणार नाही. हा नकार कशासाठी आहे ते न विचारता मी एक्सएमएलमध्ये मायग्रेट-आर्क ही सोय ‘ट्रू’ केली. त्याने जुनं 32 काढून आपोआप 64 बसतं. बसलंही.

काट्याचं सॉफ्टवेअर उघडलं तर चौकट आली: एसीई ओएलईडीबी प्रोव्हायडर लोकल मशीनवर रजिस्टर्ड नाही. काट्याचं सॉफ्टवेअर जुनं, 32 बिट. ते प्रत्येक वजन डेटाबेसच्या फाईलमध्ये लिहितं आणि त्यासाठी ऑफिसबरोबर येणारा 32 बिटचा जोडणीचा भाग वापरतं. मी तो भाग ऑफिसबरोबरच उचलून फेकला होता.

बाहेर तीन गाड्या उभ्या होत्या, मागून आणखी येत होत्या. मे महिन्यातलं दुपारचं ऊन आणि गाडीत केळी. काट्याच्या डिस्प्लेवर वजन दिसत होतं, बिघडलं ते फक्त लिहून घेणारं. काटेवाल्या भाऊने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, कपाटातून जुनं लाल रजिस्टर काढलं आणि हाताने लिहायला लागला. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, सही. अकरा गाड्या तशाच गेल्या. एका ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

64 काढलं, 32 परत टाकायचं तर परत तीन जीबी. नेट नाही. गाडीवर फैजपूरला आलो, दुकानाच्या नेटवर 32 बिटची फाईल उतरवायला लावली, पेन ड्राइव्हवर घेऊन साडेनऊला परत गेलो. बसवल्यावर काटा लगेच चालला. मग त्या अकरा गाड्या रजिस्टरमधून सॉफ्टवेअरमध्ये चढवल्या. काटेवाला भाऊ वाचत होता, मी टाकत होतो. घरी पोचलो तेव्हा सव्वाबारा.

खर्च: टॉप-अप दोनदा, पेट्रोल, 64 जीबीचा पेन ड्राइव्ह (दुकानातलाच, पण विकायचा होता). आणि शेठच्या तोंडून एकही वाकडा शब्द नाही, त्याचंच जास्त ओझं झालं.

9 मे, गुरुवार

दुपारपर्यंत दुकानातच बसलो, सावद्याला गेलोच नाही. पुठ्ठ्याचा फोटो समोर ठेवला.

उलटं धरलं होतं. जे मशीन सगळ्यात पुढे पळतंय त्याच्यामागे बाकीचे ओढायला निघालो होतो. सहा आणि सात नंबर तर कधीच येणार नाहीत, आणि काटा 32 सोडू शकत नाही. म्हणजे फाईल कशी असावी हे ऑफिस 2016 ठरवणार, आणि बिटचं काट्याची खोली ठरवणार. बाकीच्यांनी त्यांना धरून चालायचं.

शेठना फोन केला. “बीटा काढतो, फॉर्म्युलाही बदलतो. जास्तीचे पैसे नाही घेणार.” ते म्हणाले, “आखाजी झाल्यावर करा, आता गाड्या कमी येतील.”

10 मे, शुक्रवार, आखाजी (अक्षय तृतीया)

ऑफिस बंद. ताया दोघी माहेरी गेल्या. घरी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, त्यानंतर काम होत नाही. तरी संध्याकाळी दोन तास दिले.

पट्टीची फाईल माझ्या मशीनवर घेतली आणि ग्रुपबाय काढून टाकलं. एका शीटवर शेतकऱ्यांची नावं एकदाच लिहून ठेवली, पुढे नवती, पिलबाग, वापसी असे तीन रकाने, आणि प्रत्येकात समइफ्स, म्हणजे दिलेल्या अटीत बसतील तेवढ्याच आकड्यांची बेरीज. हे फंक्शन एक्सेल 2007 पासूनचं, कुठेही चालतं. नवा शेतकरी आला की नाव यादीत हाताने टाकावं लागेल, एवढाच तोटा. तपासासाठी खाली एक चौकट: सगळ्या गाड्यांचं वजन वजा तक्त्याची बेरीज. शून्य आलं नाही तर चौकट लाल. कोणाचं नाव यादीत राहिलं किंवा एखाद्याचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं तर तिथे कळतं. पहिल्याच फेरीत लाल झालं. एकाच आडनावात एकदा ‘ळ’ आणि एकदा ‘ल’. ग्रुपबायच्या तक्त्यात हे दोन वेगळे शेतकरी म्हणून महिनाभर नांदत होते आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रात्री दुकानाचं नेट सुरू ठेवून करंट चॅनलची दोन्ही पाकिटं उतरवायला लावली, 32 आणि 64.

11 मे, शनिवार

बीटातून खाली उतरणं. चढण्यापेक्षा हे किचकट.

पहिला प्रयत्न: शेठच्या मशीनवर अकाउंटमध्ये जाऊन इनसायडरची (चाचणीवाल्यांची) खूण काढली, मग ‘अपडेट नाऊ’. उत्तर आलं, तुम्ही अद्ययावत आहात. मशीन रिस्टार्ट केलं, परत तेच. दुसरा प्रयत्न: क्लिक-टू-रन, म्हणजे ऑफिस बसवणाऱ्या आणि अपडेट करणाऱ्या यंत्रणेच्या फोल्डरमध्ये ऑफिस सी-टू-आर क्लायंट नावाचा प्रोग्राम असतो, त्याला कमांडने अमुक बिल्डवर जा म्हणून सांगता येतं. मी करंट चॅनलचा बिल्ड आकडा दिला. थोडं चाललं आणि काहीतरी गडबड झाली म्हणून थांबलं. चॅनल अजून बीटाचं आणि मागणी करंटच्या बिल्डची, मग देणार कुठून? ही कमांड एकाच चॅनलमध्ये मागे यायला उपयोगाची आहे. एखाद्या अपडेटने काही बिघडलं आणि गेल्या महिन्याचं हवं असेल तर जरूर वापरा, मात्र नंतर अपडेट बंद करा, नाहीतर रात्रीत परत पुढे जातं.

तिसऱ्यांदा डिप्लॉयमेंट टूल, एक्सएमएलमध्ये चॅनल करंट, पेन ड्राइव्हवरून. पंचवीस मिनिटांत उतरलं. हेच आधी करायला हवं होतं.

मुनीमजींच्या मशीनवरही तेच. फक्त त्यांनी छपाईची मॅक्रोची (आपोआप काम करणाऱ्या छोट्या कोडची) फाईल उघडली आणि नवं भांडण निघालं: हा कोड 64 बिटसाठी बदला. ती फाईल आजवर काट्याच्या 32 बिट मशीनवरच उघडली जायची, म्हणून कधी दिसलं नव्हतं. कोडमध्ये डिक्लेअरच्या चार ओळी होत्या, त्यांत पीटीआर-सेफ हा शब्द घातला, एका ठिकाणी लाँगचं लाँग-पीटीआर केलं. आता दोन्हीकडे चालते. ज्याने ती मॅक्रो लिहिली तो नोकरी सोडून सुरतला गेलाय. त्याने प्रत्येक ओळीवर मराठीत टीप लिहून ठेवली होती, म्हणून हे दहा मिनिटांत झालं.

13 मे, सोमवार

रावेर मतदारसंघाचं मतदान. सकाळी सातलाच मत देऊन आलो, बोटावरची शाई वाळायच्या आत सावद्याला. ऑफिस बंद, किल्ली वॉचमनकडे, मध्ये कोणी “भाऊ, एक पट्टी तेवढी काढू द्या” म्हणणारं नाही. असा दिवस मागून मिळत नाही.

तीन नंबर: पेन ड्राइव्हवरून अपडेट सुरू केलं, मध्येच अडलं, फाईल सापडत नाही म्हणे. ताईंच्या मशीनवर मराठीचं भाषा पाकीट बसवलेलं होतं, मराठी शब्दाखाली लाल रेघ दाखवणारं. माझ्या पाकिटात फक्त इंग्रजी. मशीनवर जेवढ्या भाषा आहेत त्या सगळ्या पाकिटातही लागतात. एक्सएमएलमध्ये इंग्रजीच्या खाली मराठीची ओळ वाढवून तेवढं परत उतरवलं. इंग्रजी काढून नुसतं मराठी ठेवता येत नाही, मराठीला आधाराला एक पूर्ण भाषा लागते.

चार नंबर: अर्ध्यावर लाईट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली, बीप करायलाही जीव नव्हता. लाईट आल्यावर वर्डही उघडेना, एक्सेलही. क्विक रिपेअर केलं, काही उपयोग झाला नाही. ऑनलाईन रिपेअर म्हणजे परत नेटवरून सगळं ओढणं. त्यापेक्षा काढून पेन ड्राइव्हवरून नव्याने टाकलं. तेव्हापासून नियम: अपडेट सुरू करायच्या आधी यूपीएसचा प्लग काढून पाहायचा. मशीन पाच मिनिटं तगलं तरच पुढे.

काट्याला आज हात लावला नाही. ते आधीच 32 बिट करंटवर, 2404. वॉचमनने चहा आणला. तो म्हणाला, “त्या मशीनजवळ जाऊ नका म्हणून सांगेल आहे शेठने.”

रात्री नऊला पाचही मशीन एका आकड्यावर. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 2404 लिहिलं आणि मुनीमजींच्या खुर्चीमागे चिकटवला.

15 मे, बुधवार

सकाळी मुनीमजींचा फोन. “पुठ्ठ्यावरचं आणि मशीनवरचं जुळत नाही.” मी सगळ्यांना अबाउटमध्ये बघायला शिकवलं होतं, त्याचं फळ.

14 मे हा महिन्याचा दुसरा मंगळवार. मायक्रोसॉफ्टची सुरक्षेची अपडेट अमेरिकेतल्या सकाळी सुटतात, ती आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमारास. पाचपैकी दोन मशीन रात्री चालू राहिली होती, ती पुढे सरकली. व्हर्जन तेच, मागचा बिल्डचा आकडा वेगळा. यामुळे फाईल बिघडत नाही, खरं तर काहीच बिघडत नाही. पण मुनीमजींना मी सांगितलं होतं की आकडा जुळला पाहिजे, आता ते ऐकेनात. त्यांचं बरोबर होतं, “थोडा वेगळा चालतो” म्हटलं की पुढच्या महिन्यात पुठ्ठ्याकडे कोणी बघत नाही.

करंट चॅनलमध्ये अपडेट महिन्यात अनेकदा येतं आणि प्रत्येक मशीन आपल्या सवडीने घेतं. म्हणून मंथली एंटरप्राइज चॅनल घेतलं. त्यात महिन्याला एकदा, ठरलेल्या दुसऱ्या मंगळवारी. या मंगळवारी त्यात 2403 आलं, म्हणजे आपण एक महिना मागे गेलो. चालेल, मागे राहण्यात इथे कोणाचं नुकसान नाही, सुरक्षेची अपडेट त्यातही येतातच.

शिवाय प्रत्येक मशीनने नेटवरून ओढू नये म्हणून मुनीमजींच्या मशीनवर एक शेअर केलेला फोल्डर केला, आत 32 आणि 64 वेगवेगळं. एक्सएमएलमध्ये अपडेट-पाथला त्या फोल्डरचा पत्ता दिला. आता तिथे जे ठेवू तेच सगळे घेणार. नेट बंद असलं तरी अडत नाही, कोणी मध्येच पुढे पळत नाही.

काट्याचं मशीन काटेवाला भाऊ शेजारी उभा असताना केलं. आधी लाल रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं, पेनासकट. दहा मिनिटांत झालं, रजिस्टर लागलं नाही.

20 मे, सोमवार

भाच्याच्या लॅपटॉपवर बीटा तसंच आहे. त्याला आवड आहे, राहू दे. ठरलं एवढंच, त्याच्याकडून आलेली फाईल आधी सहा नंबरवर, म्हणजे ऑफिस 2016 वर उघडायची. कंट्रोल-एफ, पर्यायात ‘वर्कबुक’ आणि ‘फॉर्म्युला’ निवडायचं, आणि ‘_एक्सएलएफएन’ शोधायचं. एकही सापडलं तर फाईल परत.

आज गंमत म्हणून ऑफिसातल्या जुन्या फाईलवरही तेच लावलं. गाडीभाड्याच्या हिशेबात तीन ठिकाणी एक्सलुकअप, म्हणजे तक्त्यातून आकडा शोधून आणणारं फंक्शन निघालं, 2016 मध्ये तेही नाही. गाडीभाडंवाला मुलगा म्हणाला, “ते तिन्ही चौकटी मी हाताने भरतो, आधीपासून तसंच आहे.” किती दिवसांपासून? “आलो तेव्हापासून.” त्याऐवजी तेच काम करणारी जुनी फंक्शन, इंडेक्स आणि मॅच, लावून दिली.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाईलचं वेगळं. ती प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती उघडते तेव्हा गणित होतच नाही, साठवलेलं उत्तर दिसतं. त्यामुळे मोबाईलवरून “फाईल बरोबर आहे बघा” म्हणून आलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा नाही. एडिट चालू करून एक आकडा बदलून पाहायचा.

हिशेब: ठरलेले 4000 रुपये मिळाले. टॉप-अप, पेट्रोल आणि पेन ड्राइव्ह मिळून 1150 गेले. दुकान साडेतीन दिवस बंद किंवा अर्धं बंद.

12 जून, बुधवार

काल दुसरा मंगळवार होता. सकाळी मुनीमजींना विचारलं, आकडा काय? “2403. पाचही.” मग लक्षात आलं, शेअर फोल्डरमध्ये नवं पाकीट ठेवायचं मीच विसरलो होतो. जुळलेले मात्र होते.

दुकानात 2404 उतरवलं, 32, 64, इंग्रजी, मराठी, आणि दुपारी नेऊन फोल्डरमध्ये टाकलं. आधी चार नंबरवर घेतलं, तिथे तासभर पट्ट्या काढून पाहिल्या. मग तीन, दोन, एक. काट्याचं सगळ्यात शेवटी, संध्याकाळच्या गाड्या गेल्यावर. काटेवाल्या भाऊने स्वतःच अबाउट उघडून आकडा वाचला.

सहा आणि सात तसेच. ऑफिस 2016 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार, हे शेठना कागदावर लिहून दिलं. त्यांनी तो गल्ल्यातल्या नोटांखाली ठेवला आणि म्हणाले, “केळीला भाव मिळू द्या, मग पाहू.” मुनीमजींनी पुठ्ठ्यावरच्या 2403 वर काट मारली, खाली 2404 लिहिलं आणि पुढे तारीख टाकली.